तुलनात्मक लोकशाही-संशोधन आणि मराठी प्रश्नावली : 'लोकशाही', 'पक्ष' व 'मत' या संज्ञांच्या अनुषंगाने

प्रस्तावना

२२ डिसेंबर १९५२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत लोकशाही यशस्वी होण्यासाठी आवश्यक असणाऱ्या अटींविषयी व्याख्यान दिले. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी पूर्ण झाली होती. समाजात टोकाची विषमता नसणे, सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारा विरोधी पक्ष असणे, कायद्यात व प्रशासनात समान वागणूक मिळणे, संविधानिक नैतिकतेचे पालन होणे आणि बहुसंख्याकांकडून अल्पसंख्याकांची गळचेपी न होणे या त्यांनी सांगितलेल्या अटींपैकी काही प्रमुख अटी होत. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळते, असा दाखलाही त्यांनी दिला. राज्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे तुलनात्मक विवेचन होते.

यानंतर सात वर्षांनी, १९५९ मध्ये, सेमूर मार्टिन लिपसेट यांचा लोकशाहीच्या सामाजिक पूर्वअटींवरील प्रसिद्ध निबंध आला. तुलनात्मक राजकारणाच्या अभ्यासक्रमात तो आजही हमखास शिकवला जातो. लिपसेट यांनी उत्पन्न, औद्योगिकीकरण, नागरीकरण आणि शिक्षण या निकषांवर युरोप, लॅटिन अमेरिका व इंग्रजी भाषक देशांची मांडणी केली. हे निकष शासकीय आकडेवारीतून मिळत. आंबेडकरांच्या अटी मात्र जनगणनेच्या कोष्टकात सापडणाऱ्या नव्हत्या. नागरिकांना आपल्या शासनाविषयी काय वाटते, विरोधकांना ते कितपत स्थान देऊ इच्छितात, कोणत्या पक्षाशी व का बांधले जातात, हे जाणण्यासाठी माणसांनाच प्रश्न विचारावे लागतात आणि ते त्यांच्या भाषेत विचारावे लागतात.

तुलनात्मक सर्वेक्षणातील आकडे हे प्रश्नाच्या शब्दांवर उभे असतात. महाराष्ट्रात 'लोकशाही', 'पक्ष' आणि 'मत' हे तीन मराठी शब्द मूळ इंग्रजी संकल्पनांशी पूर्णपणे जुळत नाहीत. ही तफावत लक्षात न घेता केलेली तुलना दिशाभूल करू शकते, तर तफावत ध्यानात घेतल्यास तीच अभ्यासाचे साधन ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पुण्यातील मतदार-अभ्यासाची परंपरा

मतदारांच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास भारतात सुरू झाला तेव्हा पुणे त्यात आघाडीवर होते. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा पुण्यापुरता अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९६७ च्या निवडणुकीवरील त्यांचा अभ्यास १९७३ मध्ये आला. दिल्लीत रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या विकासशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ व १९७१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील सर्वेक्षणे केली. म्हणजे सिरसीकरांचे पुण्यातील काम राष्ट्रीय सर्वेक्षणाच्याही आधीचे आहे. विद्यापीठीय वर्तुळात या गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही, हे खेदजनक आहे.

पुढे या मालिकेत खंड पडला. १९९६ पासून मात्र राष्ट्रीय निवडणूक अभ्यास दर लोकसभा निवडणुकीच्या वेळी होऊ लागला आणि १९९७ मध्ये 'लोकनीती' हा कार्यक्रम व राज्याराज्यांतील अभ्यासकांचे जाळे उभे राहिले. पुणे विद्यापीठातील प्रा. सुहास पळशीकर यांचा या कार्यात महत्त्वाचा वाटा आहे. प्रा. राजेंद्र व्होरा व प्रा. पळशीकर यांनी १९९५ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'महाराष्ट्रातील सत्तांतर' हा ग्रंथ मराठीत लिहिला. दक्षिण आशियातील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका या पाच देशांतील लोकशाहीच्या स्थितीचा एकत्रित अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही लोकनीतीचा पुढाकार होता.

या सर्वेक्षणांत प्रश्नावली घेऊन घरोघरी जाण्याचे काम प्रामुख्याने महाविद्यालयीन विद्यार्थी करतात. नमुना मतदारयादीतून निवडला जातो. ज्याचे नाव निघाले त्याच व्यक्तीला भेटावयाचे असते, शेजाऱ्याशी बोलून भागत नाही. मत कोणाला दिले हे तोंडी विचारण्याऐवजी पक्षचिन्हे असलेली नमुना मतपत्रिका उत्तरदात्याच्या हाती दिली जाते. तो खूण करून ती पेटीत टाकतो. घरातील सासू-सासरे किंवा शेजारचा कार्यकर्ता जवळ उभा असेल तर या साध्या युक्तीचे मोल कळते.

'लोकशाही' या शब्दाचा भार

जगभरच्या 'बॅरोमीटर' सर्वेक्षणांत एक प्रश्न ठरलेला असतो. लोकशाही ही इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा श्रेयस्कर आहे, काही परिस्थितीत हुकूमशाही बरी, की आपल्यासारख्यांना कोणतीही पद्धत असली तरी फरक पडत नाही, अशा तीन पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. दक्षिण युरोपातील देश हुकूमशाहीतून बाहेर पडल्यानंतर हा प्रश्न रूढ झाला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या लॅटिनोबॅरोमीटरने आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या आफ्रोबॅरोमीटरने तो स्वीकारला. आशियातील सर्वेक्षणांतही तो आला. स्पेनच्या नागरिकाला फ्रँको आठवत होता, चिलीच्या नागरिकाला पिनोशे. भारतीय उत्तरदात्याच्या मनात आणीबाणीचे २१ महिने असू शकतात, परंतु १९७७ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत 'हुकूमशाही' हा शब्द प्रत्यक्ष अनुभवाविना ऐकला जातो.

शब्दाची घडणही पाहावयास हवी. हिंदीत 'लोकतंत्र' म्हटले की तंत्र, म्हणजे व्यवस्था, सूचित होते. मराठीने 'शाही' हा प्रत्यय उचलला. आदिलशाही, निजामशाही, सरंजामशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही या शब्दांच्या रांगेत लोकशाही बसते. या प्रत्ययात सत्ता गाजविण्याचा भाव आहे. त्यामुळे मराठी उत्तरदात्याला 'लोकशाही म्हणजे काय' असे विचारले असता 'लोकांचे राज्य' हे उत्तर चटकन सुचणे स्वाभाविक आहे. संस्था, मर्यादा, सत्तेचे विभाजन हे अर्थ त्या शब्दातून आपोआप निघत नाहीत. नेपाळमध्ये तर शब्दाचाच राजकीय संघर्ष झाला. १९९० नंतर प्रचलित असलेल्या 'प्रजातंत्र' या शब्दात 'प्रजा' होती आणि प्रजा म्हटली की राजा आला. २००६ च्या जनआंदोलनाने म्हणूनच 'लोकतंत्र' हा शब्द आग्रहाने पुढे आणला. एकाच देशात दोन वर्षांच्या अंतराने हा प्रश्न विचारला तरी शब्द बदलताच त्याचा अर्थ बदलतो.

तिसरा पर्याय अधिक फसवा आहे. फरक न पडणे याचा इंग्रजीत उदासीनता असा अर्थ लावला जातो. 'आमच्यासारख्यांना काय, कुणीही आले तरी सारखेच' हे मराठी वाक्य मात्र बहुधा तक्रारीचे असते. ते बोलणारी व्यक्ती मतदान न चुकवणारीही असू शकते. या उत्तराची नोंद लोकशाहीविषयी बेफिकीर असणाऱ्यांत करणे म्हणजे गाऱ्हाणे मांडणाऱ्याला गैरहजर दाखवणे होय.

दक्षिण आशियाच्या अहवालाने या एका प्रश्नावर विसंबण्याचे टाळले, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. लोकशाहीला पसंती देणारे अनेक जण निवडणुकीची पर्वा न करणाऱ्या खंबीर नेत्यालाही पसंती देतात, असे त्यात दिसले. त्यामुळे दृढ लोकशाहीवादी, दुर्बल लोकशाहीवादी आणि लोकशाहीवादी नसलेले अशी विभागणी करण्यात आली. पाश्चात्त्य वाचकाला येथे विसंगती दिसेल. 'लोकांचे राज्य' असा अर्थ मनात धरणाऱ्या माणसाला लोकांनीच निवडलेला बलवान नेता त्या राज्याच्या विरोधात जातो असे वाटतेच असे नाही. विभूतिपूजेचा जो धोका आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात सांगितला होता, तो नेमका या ठिकाणी आहे.

निरुत्तर राहणाऱ्यांचे गणित

टक्केवारी काढताना 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. तो तसा नाही. समजण्यापुरते एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० उत्तरदात्यांपैकी ४९ जणांनी लोकशाहीला पसंती दिली, २१ जणांनी इतर दोन पर्याय निवडले आणि ३० जणांनी उत्तर दिले नाही. सर्वांना धरून लोकशाहीचा पाठिंबा ४९ टक्के होतो, केवळ उत्तर देणाऱ्यांना धरून ७० टक्के. शेजारच्या देशात ५ जणच निरुत्तर राहिले आणि ६० जणांनी लोकशाही निवडली, तर पहिल्या पद्धतीने तो देश पुढे जातो आणि दुसऱ्या पद्धतीने मागे पडतो. क्रमवारी उलटली, माणसे मात्र तीच राहिली. निरुत्तर राहणाऱ्यांत स्त्रिया, वृद्ध, निरक्षर आणि ग्रामीण गरीब यांचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता असते. म्हणून त्यांना वगळणे म्हणजे विशिष्ट सामाजिक थराला वगळणे. वर्गात कोणतेही तुलनात्मक कोष्टक दाखविताना प्राध्यापकाने प्रथम त्याखालची बारीक अक्षरातील टीप वाचावी, हे उत्तम.

'पक्ष' : चिन्ह, नेता की संघटना?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९६० मध्ये पक्षनिष्ठेची संकल्पना मांडली. लहानपणी घरातून मिळणारी, दीर्घकाळ टिकणारी मानसिक बांधिलकी असे तिचे स्वरूप होते. तेथे दोनच मोठे पक्ष, तेही शतकभर तेच. ही संकल्पना भारतात येताना 'एखादा राजकीय पक्ष तुम्हाला जवळचा वाटतो का' असा प्रश्न तयार झाला. मराठीत 'जवळचा' हा नात्यागोत्याचा शब्द आहे. 'पक्ष' या शब्दातही संघटनेच्या आधी 'बाजू' हा अर्थ येतो. वरपक्ष, वधूपक्ष, पूर्वपक्ष, कुणाचा तरी पक्ष घेणे, हे प्रयोग पाहावेत. बाजू बदलू शकते आणि बाजू माणसाचीही असू शकते.

पुणे लोकसभा मतदारसंघाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे निवडून आले. १९६२ मध्ये काँग्रेसचे शंकरराव मोरे खासदार झाले. हेच मोरे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी होते. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी विजयी झाले. १९७१ मध्ये मोहन धारिया काँग्रेसकडून निवडून आले आणि १९७७ मध्ये तेच धारिया जनता पक्षाकडून. धारियांना दोन्ही वेळा मत देणाऱ्या पुणेकराने पक्ष बदलला असे म्हणावयाचे काय? अमेरिकी मोजपट्टी 'होय' म्हणेल. त्या मतदाराला विचारले असते तर कदाचित तो म्हणाला असता की, आपण होतो तेथेच आहोत, काँग्रेस हलली.

महाराष्ट्रात पक्षफूट नवी नाही. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत दोन काँग्रेस समोरासमोर लढल्या. जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या आणि निकालानंतर दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार बनविले. १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस वेगळी झाली, काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या, आणि पुन्हा तेच घडले. या दोन्ही वेळी फुटलेल्या गटांना वेगळी ओळख घ्यावी लागली. २०२२ नंतर जे घडले त्यात मूळ नावच वादात सापडले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार व त्यांचे सहकारी सरकारमध्ये सामील झाले आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ त्यांच्या गटाकडे सोपविले.

अशा परिस्थितीत एखाद्या गृहिणीने 'आम्ही शिवसेनेचे' असे उत्तर दिले तर सर्वेक्षकाने कोणत्या रकान्यात खूण करावी? कायद्यानुसार उत्तर एक आहे, तिच्या मनात दुसरे असू शकते. 'आम्ही साहेबांचे' किंवा 'आम्ही दादांचे' हे उत्तर राष्ट्रवादीच्या संदर्भात अधिक नेमके ठरते, पण प्रश्नावलीत ते पक्षाचे उत्तर मानले जात नाही. तुलनात्मक संशोधनात व्यक्तिनिष्ठा ही पक्षपद्धतीच्या अपरिपक्वतेची खूण मानण्याची सवय आहे. २०२४ च्या महाराष्ट्रात संघटना, नाव आणि चिन्ह एकीकडे व नेता दुसरीकडे गेला तेव्हा आपला 'पक्ष' ओळखण्यासाठी नेत्याचे नाव घेणे हा मतदाराचा सर्वांत तर्कशुद्ध मार्ग होता. त्याला अपरिपक्व म्हणणे अन्यायाचे आहे.

त्या वर्षीचे निकालही याच दिशेने पाहावे लागतात. लोकसभेच्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, एक अपक्ष निवडून आला. अवघ्या सहा महिन्यांत, नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ व अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या, तर उद्धव ठाकरे यांचा पक्ष २०, काँग्रेस १६ व शरद पवार यांचा पक्ष १० वर थांबला. मोरिस दुवेर्जे यांच्या प्रसिद्ध सिद्धान्तानुसार एकसदस्यीय मतदारसंघ व साध्या बहुमताची पद्धत दोन पक्षांना अनुकूल असते. महाराष्ट्रात दोन आघाड्या झाल्या आणि त्यांच्या आत सहा पक्ष नांदले. सिद्धान्त मोडला असे म्हणण्यापेक्षा, त्यातील 'पक्ष' या पदाच्या जागी येथे 'आघाडी' आली आहे, असे म्हणणे अधिक योग्य. लिपसेट व रोक्कन यांनी १९६७ मध्ये युरोपातील पक्ष ज्या सामाजिक भेदरेषांवरून उगवले त्यांची मांडणी केली, तीही येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. जातीचा रकाना तिच्यात नाही.

तुतारीचे भाषांतर

भाषांतराचा प्रश्न केवळ संशोधकांचा आहे असे कुणाला वाटत असेल तर २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवावी. शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले होते. निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट हे वाद्य होते व त्याचे मराठी नावही 'तुतारी' असेच देण्यात आले होते. ग्रामीण बोलीत त्याला पिपाणी म्हटले गेले. प्रचारात 'तुतारी' हाच शब्द कानावर पडलेला मतदार यंत्रासमोर उभा राहिला तेव्हा त्याला दोन तुताऱ्या दिसल्या. दिंडोरी मतदारसंघात हे चिन्ह असलेल्या अपक्ष उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते मिळाली, तरीही तेथे शरद पवार यांच्या पक्षाचा उमेदवार जिंकला. साताऱ्यात मात्र या चिन्हाला सुमारे ३७ हजार मते पडली आणि शशिकांत शिंदे यांचा उदयनराजे भोसले यांच्याकडून झालेला पराभव सुमारे ३३ हजारांचा होता. ही सर्व मते चुकून पडली असे सिद्ध करता येत नाही. दिंडोरीत उमेदवारांचे आडनावही एकच होते. परंतु मतमोजणीच्या आकड्यातून 'लोकांचे मत' थेट वाचता येते या गृहीतकाला या दोन मतदारसंघांनी चांगलाच धक्का दिला.

'मत' : दोन अर्थांचा एक शब्द

इंग्रजीत मनातील विचार आणि निवडणुकीतील कौल यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत दोहोंना 'मत'. 'तुमचे मत काय' या प्रश्नात 'कुणाला दिले' ही शंका दडलेली असते आणि अनोळखी विद्यार्थी दारात उभा असता ती बळावते. 'सरकारच्या कामगिरीविषयी तुमचे मत काय' असे विचारण्याऐवजी 'तुम्ही समाधानी आहात का' असे विचारणे म्हणूनच हिताचे. शिवाय लोकमत हे एकेका माणसाने एकांतात दिलेल्या उत्तरांची बेरीज आहे, ही कल्पनाही तपासून घ्यावी लागते. गावात पारावर, शहरात सोसायटीच्या बैठकीत मत 'बनते' आणि अनेकदा घराचे किंवा भावकीचे मिळून एकच बनते. 'आमच्या घरात अजून ठरले नाही' हे उत्तर वैयक्तिक अनिश्चितता सांगत नाही.

याच शब्दाचा दुसरा अर्थ घेतला तर तुलना अधिकच रंजक होते. पाश्चात्त्य देशांत शिक्षण व उत्पन्न वाढते तसे मतदान वाढते, हा ढोबळ नियम आहे. १९९० च्या दशकातील सर्वेक्षणांच्या आधारे योगेंद्र यादव यांनी भारतात दलित व गरीब मतदार उत्साहाने मतदान करतात असे दाखवून दिले. महाराष्ट्रात मतदारसंघांच्या पातळीवरही हे चित्र दिसते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात जेमतेम ५० टक्के मतदान झाले आणि गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के. २०२४ मध्येही पुणे ५४ टक्क्यांच्या आतच राहिले. विद्यापीठे, ग्रंथालये, व्याख्यानमाला व वृत्तपत्रे यांनी गजबजलेल्या शहरात मत मांडणारे उदंड आणि मत देणारे निम्मे, ही स्थिती लिपसेट यांच्या कोष्टकात बसत नाही. यादी सदोष असणे, स्थलांतरितांची नावे मूळ गावी असणे ही कारणे आहेतच, त्यामुळे सगळा दोष पुणेकरांच्या आळसाला देणे बरोबर नाही.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन विभागांच्या हाती एक काम आहे. सर्वेक्षणाला गेलेले विद्यार्थी परत येतात तेव्हा उत्तरपत्रिकेच्या समासात काही ओळी लिहिलेल्या असतात : 'शिवसेना म्हणाले, कोणती ते सांगितले नाही', 'मुलाला विचारा म्हणाल्या', 'कुणीही आले तरी सारखेच, पण मतदान चुकवत नाही'. उत्तरांचे अंकांत रूपांतर होताना हा मजकूर गळून पडतो आणि 'इतर' किंवा 'सांगता येत नाही' एवढेच उरते. मराठी प्रश्नाचा नेमका शब्दक्रम, त्याचे इंग्रजी मूळ आणि समासातील ही टिपणे एकत्र ठेवण्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक कपाट, एक नोंदवही आणि दर निवडणुकीनंतर आठवड्याभराची बैठक पुरेशी आहे. १९६२ पासूनच्या पुण्यातील मतदार-अभ्यासांचा असा मराठी दप्तरखाना एखाद्या विभागाने उभा केला, तर पुढच्या पक्षफुटीच्या वेळी रकाना कोणता निवडावा याचा निर्णय सर्वेक्षकाला दारात उभे राहून घ्यावा लागणार नाही.